उत्तर माहीत असताना

सोहार. ऑगस्ट. रात्रीचे साडेआठ.
एसीतून लॅपटॉप उचलून
तशीच बाल्कनीत गेले,
आणि कॅमेऱ्यासमोर माझा चष्मा
ताकासारखा पांढरा झाला.
"हे पाणी कुठून आलं?"
एवढंच विचारलं. धड्याचं नाव सांगितलं नाही.

एकोणीस चौकोन. त्यांतले चौदा काळे.

पहिल्या वर्षी या शांततेचीच भीती वाटायची.
तीन सेकंदांत मीच उत्तर देऊन मोकळी,
पंगतीत कुणी हात आडवा धरायच्या आत
वाढून टाकणाऱ्या वाढपिणीसारखी.
आता बोट म्यूटवर ठेवते
आणि आकडे मोजते, मनात, मराठीत.
आज सतरापर्यंत गेले.

"काचेतून झिरपलं," निझवाची शैमा.
"काच गार होती म्हणून," रुवैसहून जॉबी.
शाब्बास अगदी ओठांवर आलं होतं.
गिळलं.
एकदा शाब्बास म्हटलं की
उरलेल्या अठरा वह्या मिटतात.
"जॉबीचं कुणाला पटत नाही?"

एका काळ्या चौकोनात खरखर झाली.
यासर अल-मअमरी. तीन महिन्यांत एक शब्द नाही.
बंदरावर मासळीच्या शीतगृहात रात्रपाळी,
मागे फोर्कलिफ्टची पीं-पीं.
"मिस, आमच्याकडे दार उघडलं की आत धुकं पडतं.
पाणी काचेतलं नाही. ते हवेत होतंच.
दिसत नव्हतं, इतकंच."

"मग जानेवारीत चष्म्यावर का येत नाही?"
शैमा हटणारी नव्हे.
"जानेवारीतही धुकं पडतं. थोडं."
"थोडं म्हणजे किती?" जॉबी.

किती.
हा शब्द मी दिला नव्हता.

शैमाला म्हटलं, यासरचं म्हणणं
तुझ्या शब्दांत सांग बघू.
तिने सांगितलं, अर्धं चुकीचं.
त्याने दुरुस्त केलं, करताना स्वतःच अडखळला,
आणि आणखी दोन चौकोन उजळले.
दवबिंदूचा तक्ता माझ्या मांडीवर उपडा होता.
मंगळवारपर्यंत उपडाच राहील.

तासाच्या अहवालात एक रकाना असतो:
शिक्षिकेने शिकवलेली मिनिटे.
मी चार लिहिली.
खोटं लिहायला हवं होतं बहुतेक.

अकराला यासरचा फोटो आला.
शीतगृहाचं दार, सुतळीने टांगलेला थर्मामीटर,
आणि खाली:
"दहा सेकंद उघडं ठेवलं. मुकादम ओरडला.
उद्या वीस ठेवतो."