हातउसने

फॉर्म विचारतो, घरात माणसं किती.
शाल्मली न थांबता लिहिते चार,
मग पुसते, तीन करते.
श्रीरंगमामा आता डॅलसला असतो.
तळघरात त्याचे लोकरी मोजे
ड्रायरमागे अजून पडलेत,
पण मोज्यांची माणसांत गणती नाही.

टोलेडोत आज शून्याखाली अकरा.
बर्फ ढकलणारी गाडी एकदाच येऊन गेली,
आमचंच दार बुजवून.
टेबलावर कुकरच्या खोक्यात
सहा वर्षांचे कराचे कागद,
काचकारखान्यातल्या माझ्या पगारचिठ्ठ्या,
वृंदाच्या दवाखान्यातल्या, अर्ध्या वेळेच्या,
आणि जळून गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड.

मुलीला आजवर पगार सांगितला नव्हता.
विचारलंच तर म्हणायचो, भागतं.
लहानपणी तिला वाटायचं,
भागतं म्हणजे भागाकार,
बाबा रात्री बसून तो करतात.
आज ती तो डॉलरमध्ये वाचते
ओठ न हलवता,
आणि वर बघत नाही.
मी चष्मा पुसतो. स्वच्छच असतो तो.

घराची किंमत, कर्ज वजा जाता?
शेअर? बाँड? कुठे जमीनजुमला?
"दागिने नाही ना गं विचारत?" वृंदा सिंकपासून.
"नाही, आई."
"मग बरा आहे फॉर्म."

"बाबा, आपलं कुणाकडून येणं आहे?"
नळ बंद होतो.
आठ हजार. तिच्या सख्ख्या भावाला.
चिठ्ठी नाही, तारीख नाही.
देताना वृंदा म्हणाली होती, हातउसने आहेत,
आणि ह्या शब्दाला इंग्रजीत
मला आजही काही सापडत नाही.
हात आहे, उसनं आहे,
कागद तेवढा नाही.
"नाही," मी म्हणतो.
नळ सुरू होतो, जरा जास्तच जोरात.

"आणि देणं?"
गाडीचं, घराचं, क्रेडिट कार्डाचं, ती लिहीत जाते.
"अजून?"

दोन हजार चार, मार्च महिना.
डेट्रॉईटबाहेरचा पेट्रोलपंप.
देऊळगावकरांनी गाडीची काच खाली केली,
पाकीट पुढे केलं, बावीसशे होते.
म्हणाले, सवडीने.
मला सवड होईतो ते गेले.
त्यांच्या बायकोला फोन केला,
तर म्हणाल्या, ह्यांनी मला सांगितलं नव्हतं,
म्हणजे ते नव्हतंच.
"अजून काही नाही," मी म्हणतो,
पण नाव बहुतेक तोंडातून निघून गेलेलं असतं.

शेवटी तिचं स्वतःचं खातं.
आइस्क्रीमच्या दुकानातले दोन उन्हाळे,
एकोणीसशे बारा डॉलर चाळीस सेंट.
आईबापाच्या शिलकीला हा हिशेब जपून हात लावतो,
पोराच्या शिलकीतला पाचवा हिस्सा
बिनदिक्कत मागतो.
कारखान्यातला ड्वेन सांगत होता,
त्याच्या तिन्ही मुली शिकल्या,
आधीच काढून ठेव म्हणाला.
मी तोंड उघडतो.
तोवर तिने आकडा टाकलेला असतो.

फॉर्मला सेंट चालत नाहीत.
"चाळीस सेंट तुमच्याकडे हातउसने," ती म्हणते,
'ह' वर नको तितका भार देऊन.
हा शब्द तिने कधी ऐकला?
कुठल्या दाराआड?

तळाशी लिहिलंय, वरील माहिती खरी आणि पूर्ण आहे.
मी सही करतो.
खरी आहे. पूर्णचं काय ते बघू.

लॅपटॉप मिटत ती विचारते,
"देऊळगावकर कोण?"
वृंदा पदर नसलेल्या टीशर्टला हात पुसत
खुर्ची ओढते.