रिकामी मात्रा

पोस्टर रंगवणाऱ्याने रॉकच्या जागी रोख लिहिलं,
म्हणून उभादांड्यात आमचं नाव पडलं रोख बँड.
पहिल्याच दिवशी तिघांनी विचारलं, उधार चलात?

इनास फर्नांडिस, चर्चच्या क्वायरमधून गिटार घेऊन आलेला
(फादरना अजून वाटतं, दुरुस्तीला दिलीय).
गुणाजी मेस्त्री, ज्याच्या पखवाजासाठी
डबल बारीचे दोन्ही बुवा गाणं सोडून भांडले होते.
दिलावर मुजावर, सावंतवाडीच्या ऑर्केस्ट्राचा कॅसिओ,
लग्नसराईत आधी त्याची तारीख, मग मुहूर्त.
आपापल्या जागी तिघेही राजे.
आणि शब्दांना मी. मला कोणी ओळखत नव्हतं,
माझं अक्षर मात्र सगळ्यांच्या ओळखीचं:
शाळा सुटल्यापासून वाडीच्या सामन्यांचा स्कोअर
मीच लिहिते.

दिलावर प्रेमाच्या गाण्यांना कंटाळला होता,
गुणाजी बुवांना.
चौघांचं एकमत झालं ते फक्त टेनिस बॉलवर.

तर गाणी क्रिकेटची. दुसरी नाहीतच.
एक त्या बॉलचं, जो शनिवारी समुद्रात गेला
आणि मंगळवारी रापणीत बांगड्यांबरोबर परत आला.
एक बाबल पंचाचं, ज्याने सख्ख्या मेव्हण्याला धावबाद दिलं
आणि त्या वर्षी बायकोशिवाय गणपती आणला.
एक नुसतं नियमाचं:
टप्पा न पडता पाण्यात, तर सहा नाहीत, बाद,
आणि बॉल आणायलाही त्यानेच जायचं,
पॅडसकट.

स्कोअरबुकात सुटलेल्या झेलाला रकाना नसतो.

अठ्ठ्याण्णवची फायनल, शेवटचा बॉल, केळूसला तीन हव्यात.
सुरूंच्या कडेला झिलू तांडेल, तोंड समुद्राकडे,
सूर्य कपाळाच्या उंचीवर.
बॉल वर गेला, पंचक्रोशी गप्प झाली,
आणि मी वहीत लिहिलं: चार.
बाकीचं जे घडलं ते लिहायला जागा नव्हती,
ते झिलूकडेच राहिलं.
होड्यांची इंजिनं खोलताना, लावताना.
त्यानंतर तो मैदानाच्या वाटेनेसुद्धा गेला नाही,
बंदरावर जायला लांबून वळसा.

मी गाण्यात लिहिलं: ओल्या हातांतून गेला.
दव होतं, असं मी ठरवलं.
एवढं तर मी त्याच्यासाठी करू शकत होते.

त्या ओळीआधी गुणाजीने एक मात्रा रिकामी ठेवली.
हात वर जातो, खाली येत नाही,
तेवढा वेळ बॉल हवेत.
मला वाटलं होतं, त्या फटीत समुद्र ऐकू येईल.
स्पर्धेच्या रात्री वाळूवर पहिल्यांदा वाजवलं,
तर ऐकू आला जनरेटर.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी ओरडलं, झिलग्या, उडी मार!
तेव्हा मला तो दिसला,
वडापावच्या गाडीमागे, हाताला ग्रीस.

सामान आवरताना आला.
इनास तारा सैल करत होता, तो तसाच थांबला.
भांडेल, असं वाटलं. पैसे मागेल, असंही वाटलं.
झिलू माझ्या वहीकडे बघून म्हणाला,
हात वले नाय होते.
कोरडे होते. कोरडे लिव.

गुणाजीने मांडीवर बोटांनी मोजून पाहिलं:
ओल्या. कोरड्या. ओल्या. कोरड्या.
एक मात्रा जास्त होता रे, तो म्हणाला,
गाना अडखळतला.

होव दे, झिलू म्हणाला.
मियां पण एक पावल जास्तच फुडे इल्लंय.

वहीत जागा नव्हती.
मी समासात लिहिलं.