टिंबाचे पैसे

डिसेंबरात पहिलीची पोरं सातला येतात
ती हात खिशात कोंबून.
आधी बोटं माझ्या तळव्यांत चोळायची, मग पेन्सिल.
मुख्याध्यापक म्हणतात, चोळण्यात दहा मिनिटं जातात.
जातात.

दुरेघी वही. वरच्या रेघेला डोकं, खालच्या रेघेला पाय.
ग म भ न.
भच्या डोक्यावर फट ठेवायची,
ती मिटली की म होतो,
मग भात नाही, मात जेवावा लागतो.
या विनोदाला तीस वर्षं झाली. अजून हसतात.

चाळीस वह्या.
रात्री भांडी आवरली की मी लाल पेनाने ठिपके घालून ठेवते,
सकाळी मुलं त्यांच्यावरून चालत जातात,
कुणी वाटेने, कुणी शेतातून.
वेदांग आहेर ग काढता काढता समासात शिरतो
आणि परत येत नाही.

स्वरांजली ठिपके जोडतच नाही.
माझ्या दोन ठिपक्यांच्या मधे ती आणखी चार देते,
टोक टेकवून, टक टक टक,
बाकाला कान लावला तर ऐकू येतं.
आणि डोक्यावर रेघ नाही.

'रेघ कुठंय गं?'
'रेघ नसती, मॅडम. पप्पा नाही देत.'

तिचे पप्पा भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर
मशीन घेऊन बसतात. नावं घालतात.
'अक्षराला दोन रुपये. काना फुकट, वेलांटी फुकट.
रेघेचे कोण देतं?'
जोडाक्षराचं विचारलं,
तर म्हणाली, 'तिथं भांडण होतं.'

दिवसभर मग वर्गात तेच.
वेदांग सहा रुपयांचा. स्वरांजली आठ, भांडण धरून.
मी कुंदा. चार रुपये.
कुणालातरी माझी दया आली.

त्या रात्री वह्या घ्यायच्या आधी
आईच्या लग्नातला पितळी डबा उतरवला.
आत बाजरी, बाहेर चिंचेने घासून घासून
बोटालाच लागेल इतकं उरलेलं:
चि. सौ. कां. गुफाबाई हीस मामाकडून

गुफाबाई.

आई गुंफाबाई होती.
दिंडोरीपासून नाशिकपर्यंत सगळे तिला नाकातूनच हाक मारायचे.
ती अंगठा उठवायची,
रेशनला, सोसायटीत, माझ्या प्रगतिपुस्तकावर.
तिचं नाव लिहिलेलं म्हणजे हा डबा, एवढंच.
मामाचा माणूस टोच्या घेऊन बसला असेल,
शंभर-दीडशे ठिपके मारले असतील त्याने,
आणि एक, नेमका एक,
राहून गेला.

तिला कळायचं कारणच नव्हतं.
मी मात्र इतकी वर्षं
लोकांच्या पोरांचे अनुस्वार शोधत बसले
आणि दर शनिवारी हाच डबा पुसला.

रविवारी बाजरी परातीत ओतून गेले.
दहीपुलाकडून चालत, डबा पदराखाली,
चोरून आणल्यासारखा.
त्यांनी उलटापालटा करून पाहिला.
'काय घालायचं?'
'टिंब.'
'फक्त टिंब?'
'फक्त. किती?'
'टिंबाचे काय घ्यायचे, मॅडम.'

मशीन गुणगुणली. इतक्यात मागून हातगाडी,
गाडीवर पातेल्यांची उतरंड, उतरंडीमागे शिव्या,
आणि त्यांच्या कोपराला जरासा धक्का.

टिंब पडलं.
गुवर नाही, फावरही नाही.
दोघांच्या मधे, थोडं वर,
चमकदार, नवं,
कुणाच्याच मालकीचं नसल्यासारखं.

पायरीवर स्वरांजली गृहपाठ घेऊन बसलेली.
वाकून बघितलं तिने.
'पप्पा, चुकलं.'
ते गप्प. मशीनचं बटण बंद.

'बरोबर आहे,' मी म्हटलं.
डबा पदराखाली घेतला.

तिने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहून ठेवलं.
उद्या वर्गात ती हे काढणार.