चौथीचा वर्ग

मॉनिटर चालू करून हिल्का कॉफी करायला जाते.
जुना, काचेच्या पोटाचा; तापायला अर्धा तास घेतो.
केमियार्वीत दुपारी दोनलाच अंधार,
तरी ती खिडकीला घोंगडी अडकवते.
रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा आत नको.

मोजणीचं यंत्र काचेला चिकटत नाही,
रबर कडक झालंय. थुंकी लावते.

पडद्यावर राखाडी, मग जरा गडद राखाडी,
मग काळ्याच्या अलीकडचा तो एक
जो डोळ्याला काळाच वाटतो.

आकडे येतात. निळा थकलाय.
कधीपासून, ते यंत्र सांगत नाही.

म्हणजे गेल्या हिवाळ्यात
पडद्यावर सगळं पिवळट दिसायचं
आणि ती निळा ओतत राहिली.
एकोणीस मुलं, ओठ जांभळे,
ओन्नीचे तर कानसुद्धा.
घरोघरी भिंतीवर लागली, कुणी काही बोललं नाही.
उलट ओन्नीची आई दुकानात म्हणाली होती,
"त्या दिवसाची थंडी अगदी बरोबर आलीय."

हिल्का निळा दोन घरं वाढवते.
ओन्नीचा मूळ फोटो उघडते, हात न लावलेला.

गाल लालबुंद.
वर्गात हीटर चालू होता.
स्वेटर काढून बाकांवर टाकले होते पोरांनी.