चार अंश अलीकडे

वासरू मेलेलंच निघालं, हे मी घरी सांगितलं नव्हतं.
एवढंच म्हणाले, की ब्रान्यविएयाच्या तिसऱ्या वळणावर
गाडी दम टाकून बसली, पहिल्या गिअरमध्ये,
आणि धुक्यात वीस मिनिटं मी स्टार्टर मारत होते.
बाबांनी पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला.
तो विरघळून गेला तरी चमचा हलला नाही.

सकाळी शेडमध्ये गेले, तर
पांढऱ्या सेआतचं हेड उतरलेलं,
चौऱ्याहत्तर सालचे चार पिस्टन उघडे,
आणि माझ्या भाच्याची निळी प्लॅस्टिसिन
बाबा तळहातावर मळत होते
तंबाखू मळावी तशी.

"हिला मी डोंगर चढायला शिकवलंच नाही, नेलिदा.
जिंकायला शिकवलं."

त्र्याऐंशी साली, घाटातल्या शर्यतीसाठी,
इनटेकचा कॅम त्यांनी चार अंश पलीकडे सरकवला होता.
झडप उशिरा उघडायची, उशिरा मिटायची.
पाच हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन पेंगत असायचं
आणि वर गेलं की पिसाळायचं,
कोळशाच्या ढिगाऱ्यांवरून आवाज परत यायचा,
लोक कुंपणाच्या भिंतींवर चढून बघायचे.
चौथा नंबर आला.
तो पेला खिडकीत आहे. त्यात वॉशर ठेवतात.

आई त्याच गाडीने बाजारात जायची,
क्लच जाळत,
सगळ्या संतांची नावं घेत.

खाणीच्या पाळण्यावर एकोणतीस वर्षं बाबांचा हात होता.
चारशे मीटर खालून माणसं वर आणायची
आणि तळाशी टेकवताना
कुणाचा गुडघासुद्धा वाकू नये, इतकं हलकं.
खाण मिटली. हात अजून तसाच आहे.

क्रँकला अंशांची तबकडी लावली,
झडपेवर डायलची सुई.
कप्पीचे स्क्रू सैल केले.
आधी पलीकडचे चार पुसले,
मग अलीकडे एक. दोन.
थांबून नाक पुसलं.
तीन. चार.

अलीकडे म्हणजे लवकर, हे मला ठाऊक होतं.
लवकर उघडायचं, लवकर मिटायचं,
घेतलेला घोट पुन्हा तोंडातून सांडू द्यायचा नाही.

मग पाना माझ्या हातात दिला.
"दोन फेऱ्या. हळू. अडलं तर जोर करू नकोस,
अडतं तिथे लोखंडच असतं."
मी फिरवलं. क्रँक दोनदा, कॅम एकदा.
कुठेच अडलं नाही.
हेड पुन्हा उतरवलं, ब्लेडने निळा गोळा चिरला,
सगळ्यात पातळ जागी पावणेदोन मिलिमीटर.
"पुरे," म्हणाले,
आणि उरलेली प्लॅस्टिसिन डब्यात नीट भरली,
पोराला कळू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच वळण.
सेकंडमध्ये, दोन हजारावर, मी नुसता पाय टेकवला
आणि कुणी कमरेला हात देऊन चढवावं
तशी गाडी वर आली.
मला हसू फुटलं.
पुढच्या सपाटीवर मी ती ताणली.
साडेपाच हजारांनंतर आवाज पोकळ झाला,
रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा.
पूर्वी इथूनच तिचा गळा सुटायचा.
बाबांनी मान खिडकीकडे वळवली.
"गिअर बदल. वर काही नाही आता."

तेव्हा मी वासराचं सांगितलं.
"माहीत होतं," म्हणाले.
"चीक आणला नव्हतास."

खाली दिवे लागत होते.
मला वाटलं आणखी काही बोलतील.
त्यांनी काच थोडी खाली केली
आणि उतारावर इंजिन कसं उसासतं ते ऐकत राहिले.

पट्ट्याचं झाकण लावताना मी पाहिलं होतं,
कप्पीवर त्र्याऐंशीची ठोकलेली खूण
त्यांनी घासून काढली नाही.
नवीन खूण शेजारी केली,
खडूने.