सातवा रकाना

कोठीच्या कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत,
परदेशी नागरिकांचं रजिस्टर माझ्याकडे होतं.
दर जूनला ती यायची, फाइन आर्ट्सची,
नखांत छपाईची शाई, पिशवीत लीलो चिवडो.
यास्ना. आडनाव मी चार वेळा चुकलो,
पाचव्यांदा तिनंच गुजराती अक्षरांत लिहून दिलं.

ब्याण्णवला पासपोर्ट पुढे सरकवून म्हणाली,
"आ देश हवे नथी."
दुकानदार म्हणतो ना, साखर संपली,
तशा आवाजात.

सातवा रकाना : राष्ट्रीयत्व.
बाप सर्ब, आई क्रोएट, जन्म मोस्तारचा.
"खानेसुमारीत आम्ही युगोस्लाव लिहायचो.
आता तसं लिहिलं
तर दोन्हीकडचे विचारतात, म्हणजे नक्की कोण?"
गावातले पूल एकेक करून पडतायत, म्हणाली,
आणि खिडकीतून सुरसागरकडे बघत बसली.

मला वडील आठवले.
पहिली सही मोडीत, गायकवाडी राज्याची,
दुसरी इंग्रजीत, मुंबई राज्याची,
तिसरी गुजराती. खुर्ची तीच. वेत तेवढा दोनदा बदलला.
साठ साली कागद आला : महाराष्ट्र की गुजरात, एक निवडा.
गिरगावच्या काकांचं कार्ड : आलं आपलं राज्य!
त्यांच्या पाठीवर छप्पनचा वळ होता.
शेजारचे त्र्यंबकलाल पेढे घेऊन दारात : आव्युं आपणुं राज्य!
त्यांचा भाचा अहमदाबादेत गोळीला बळी पडलेला.
आईनं पेढे घेतले. कार्ड देवाजवळ ठेवलं.
वडिलांनी निवडलं नाही, नुसतं लिहिलं : घर इथे आहे.
साहेबांनी ते "गुजरात" असं वाचलं.

वळ खोटा नव्हता. भाचाही खोटा नव्हता.
आपल्या भाषेत अर्ज लिहिता यावा, ही भूक तर
मी रोज टेबलापलीकडे उभी बघतो.
पण माझ्याकडे दोन शब्द आहेत, आपण आणि आम्ही,
गुजरातीतही दोन, आपणे आणि अमे.
पहिल्यात समोरचा असतो, दुसऱ्यात नसतो.
राज्यं मोडतात ती बहुधा
एका भाषणात पहिला जाऊन दुसरा येतो तिथे.
टाळ्या चालू असतात, कुणाला ऐकू जात नाही.

हे मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगितलं.
ती म्हणाली, आमच्याकडे दोन्हींना एकच शब्द.
कुठला?
"मी."
मला वाटलं, ती स्वतःबद्दल काही सांगतेय.
मी थांबलो. तीही थांबली.
पंखा तेवढा कुरकुरत होता.

रकाना मी पेन्सिलीनं भरला, मग खोडला.
दिल्लीहून परिपत्रक येईल म्हणून सांगितलं.
ती गेली. पुढच्या जूनला आली नाही.

ऑडिटवाल्यानं शेरा मारलाय लाल शाईत :
र. क्र. ७ कोरा. संबंधितांनी खुलासा करावा.
संबंधित म्हणजे कोण,
ते त्यानं लिहिलेलं नाही.