उणे चार

अल सद्दमधल्या या इमारतीत लिफ्टला
वर सव्वीस बटणं, खाली चार.
उणे एक, उणे दोन, उणे तीन, उणे चार.
त्याच्याही खाली एक खड्डा असतो, त्याला बटण नाही.
तिथे मी उतरतो, महिन्यातून एकदा,
शिडी, टॉर्च, ग्रीसचा डबा.
वर दाराशी तिलक थापा, लाल पाटी धरून.

खड्ड्यात खारं पाणी झिरपतं.
समुद्र लांब आहे, पण त्याला पत्ता ठाऊक आहे.
आधी पंप लावायचा,
मग बफरच्या स्प्रिंगवरचा गंज खरवडायचा.
ऑगस्टात वीस मिनिटं, वर एक नाही.
जितकं खोल, तितका थोडा वेळ:
नियम सेफ्टीवाल्यांचा.
निर्वाताचाही हाच, आकडे फक्त वेगळे.

कोल्हापुरात, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला,
हुपरीकर बाई फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या,
"ऊर्जा ऋण निघाली म्हणून दचकू नका.
शून्य कुठं मांडायचं ते आपण ठरवतो.
दचकायचं, तळ नसला तर."
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मीच असेन.

तळ नसला तर काय होतं
ते मला काउंटरवेटनं शिकवलं.
पेटी खाली जाते, वजन वर येतं.
आता मनातल्या मनात खड्डा काढून टाका,
वरचं छतही काढून टाका.
एक पडत राहील, एक चढत राहील,
दोघांचा वेग वाढत जाईल,
आणि हिशेबनीस दर क्षणी वही बघून सांगेल:
बेरीज शून्य. सगळं ठीक आहे.

यावर जुन्या लोकांचा तोडगा असा, की
खालच्या सगळ्या जागा भरलेल्याच आहेत असं धरा.
उणे चारवर रात्री अकरानंतर तसंच असतं.
पांढऱ्या लँड क्रूझर खांबापासून खांबापर्यंत,
नवी गाडी रॅम्पवरूनच मागे फिरते.
आणि एखादी जागा चुकून रिकामी राहिली
तर वॉचमनला ती लांबूनच दिसते,
जणू तिथे काहीतरी उभं आहे.
बाई म्हणायच्या, ही गोष्ट आता जुनी झाली,
समीकरण नीट वाचलं की एवढी गर्दी लागत नाही.
मला मात्र गर्दीच पटते.

धन म्हणजे अधिक, ऋण म्हणजे वजा.
आमच्या भाषेतलं गणित
पहिल्यांदा सावकाराच्या ओट्यावरच बसलं असावं.
बाईंची फील्ड थिअरीची वही अजून माझ्याकडे आहे,
निळ्या कव्हरची, कडेला चहाचा डाग.
प्रबंध अर्ध्यात टाकून निघालो तेव्हा सांगितलंही नाही.
त्या वहीत, शेवटून तिसऱ्या पानावर, त्यांच्याच अक्षरात:
निर्वात उसनं देतो,
फेडीला उशीर झाला की व्याज चढतं.
अकरा वर्षं झाली.

"दाई, बीस मिनट!" थापा वरून ओरडतो.
पंप बंद करतो.
पाणी परत येतं, बोटभर, दोन बोटं,
मागच्या महिन्यात मी खडूनं ओढलेल्या रेघेपर्यंत,
आणि थांबतं.
मी शिडीवर एक पाय ठेवून
आणखी थोडं बघत राहतो.